दमाला घाई, हाडांना नाही

धावायला लागून महिना-दीड महिना झालेला माणूस लांबूनच ओळखू येतो. त्याच्या बोलण्यात पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारी मिनिटं, असतो, किलोमीटर असतात आणि कुठल्या तरी हाफ मॅरेथॉनची तारीख असते. सुरुवातीला दोन मिनिटं पळून धापा टाकणारा हा गडी आता न थांबता अर्धा तास पळतो आणि त्याचा त्यालाच अचंबा वाटत असतो. मग आणखी तीन-चार आठवड्यांनी तो दिसेनासा होतो. लोक म्हणतात, नव्याचे नऊ दिवस. आरंभशूर म्हणून त्याची थट्टाही होते. मला मात्र इतक्या वर्षांत वेगळंच दिसलं आहे. असे गायब झालेले बरेच जण आळसापोटी घरी बसलेले नसतात. ते नडगीवर बर्फ धरून बसलेले असतात.

घोळ असा की शरीर सगळं एका वेळी तयार होत नाही. आधी तयार होतो तो दम. नियमित धावायला लागल्यावर पहिल्या आठ-दहा दिवसांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढायला लागतो. एका ठोक्यात हृदय जास्त रक्त पुढे ढकलतं, त्यामुळे त्याच वेगाने पळताना नाडी पूर्वीइतकी धडधडत नाही. मग पाळी येते स्नायूंची. जॉन होलोझी या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांना तीन महिने ट्रेडमिलवर पळवलं आणि त्यांच्या स्नायूंचं काय झालं ते १९६७ साली प्रसिद्ध केलं. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातली एन्झाइम्स जवळपास दुप्पट झाली होती. दम वाढतो तो केवळ छातीत नाही, मांडीतही वाढतो, हे तिथून पुढे नीट कळत गेलं. आणि हे सगळं काही आठवड्यांच्या मापातलं आहे.

कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, आणि हाडं या घाईत नसतात. टाचेच्या मागे जी जाड, टणक कंडरा हाताला लागते, ती अकिलीस टेंडन. तिच्याबद्दल डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, एकदम वाढलं आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू उतरत गेलं. हवेतून ते वनस्पतींत गेलं, तिथून अन्नात आणि अन्नातून माणसांच्या अंगात. त्यामुळे शरीराचा एखादा भाग साधारण कोणत्या साली घडला, हे त्यातल्या कार्बनवरून ताडता येतं. संशोधकांनी वेगवेगळ्या साली जन्मलेल्या माणसांच्या अकिलीस टेंडनचा गाभा असा तपासला. हा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत, म्हणजे उंची वाढत असते तोवर घडतो आणि त्यानंतर जवळपास बदलतच नाही. पन्नाशीतला माणूस ज्या कंडरेवर पळतो, तिचा गाभा त्याच्या शाळेच्या वयातला असतो. हे वाचल्यापासून मी माझ्या टाचांशी जरा अदबीने वागतो.

याचा अर्थ कंडरा सुधारतच नाही असा नव्हे. जड वजनांनी, सावकाश, महिनोन्महिने काम केलं की ती जास्त ताठ आणि भक्कम होते. पण महिनोन्महिने.

हाडांची तऱ्हा आणखी निराळी. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. हाड त्याला उत्तर देतं, पण आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. पोखरायला काही आठवडे पुरतात, भरायला काही महिने लागतात. मधल्या काळात ते तात्पुरतं कच्चं असतं. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने संचलन करून करून पावलं सुजलेल्या सैनिकांचं वर्णन लिहून ठेवलं. आत काय झालंय हे कळायला त्याच्याकडे मार्गच नव्हता. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली, आणि मग दिसलं की पावलातल्या हाडांना बारीक तडे जात होते. आता त्यालाच आपण स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो.

दीड महिन्याचा आपला धावपटू नेमका इथे उभा असतो. दम वाढलेला, हुरूप त्याहून वाढलेला आणि नडगीचं हाड अर्धवट पोखरलेलं. मनगटावरचं घड्याळ त्याला नाडी सांगतं, झोप सांगतं, फिटनेस वाढल्याबद्दल शाबासकीही देतं. कंडरेबद्दल मात्र ते अवाक्षर काढत नाही, कारण तिथे त्याचा सेन्सर पोचतच नाही. डोंगर चढायला निघालेली टोळी जशी सगळ्यात मागे रेंगाळणाऱ्याच्या चालीने चालते, तसं पळावं असं माझं मत झालं आहे. हृदय पुढे जाऊन थांबलं तर त्याचं काही बिघडत नाही.

म्हणून मी हळू पळतो. किती हळू? एकदा मागून आलेला एक मुलगा माझ्या बरोबरीने पळू लागला आणि काळजीने म्हणाला, "काका, बरं वाटतंय ना? पाणी देऊ?"

"बरा आहे रे. वेगच एवढा आहे माझा."

तो ओशाळला आणि पुढे निघून गेला. मला मात्र त्याच्या प्रश्नाने बरंच वाटलं, कारण त्याला मी न अडखळता उत्तर देऊ शकलो होतो. हलकं धावणं ओळखायची याहून सोपी खूण नाही. पळता पळता सलग बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटायला लागलं की वेग जास्त झाला.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचं सगळं शास्त्र या लांब, सावकाश पळण्यावर उभं होतं. त्यांचा शिष्य पीटर स्नेल ८०० मीटर धावायचा, म्हणजे पावणेदोन मिनिटांचा खेळ. त्याच्याकडून लिडियार्ड दर आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटरची डोंगराळ फेरी करून घेत. पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीसाठी दोन-अडीच तास पळायचं! पण स्नेलने १९६० साली रोमच्या ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्णपदक मिळवलं आणि १९६४ साली टोकियोला ८०० आणि १५०० अशी दोन्ही नेली. त्याचा वेग माझ्या स्वप्नातही येणार नाही, तरी लांब फेरीच्या दिवशी मला त्याची आठवण येतेच.

हळू पळण्यातही पहिली दहा मिनिटं वाईटच असतात. हे नवशिक्यांना कोणी सांगत नाही, आणि त्यांना वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे. पाय जड. खांदे कानांपर्यंत चढलेले. श्वासाचं आणि पावलांचं काही केल्या जमत नाही. डाव्या मोज्याची शिवण करंगळीखाली टोचतेय असं वाटत राहतं. आज काही खरं नाही, एवढंच डोक्यात घोळत असतं. कारण साधं आहे. पाय पळायला लागताच प्राणवायूची मागणी तत्क्षणी वाढते, पुरवठा मात्र तिथवर पोचायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि स्नायू नीट गरम व्हायला त्याहून जास्त. तोवर शरीर प्राणवायूवाचून चालणाऱ्या मार्गांनी वेळ मारून नेत असतं. मग कुठेतरी, नेमकं कुठे ते मला कधीच पकडता आलेलं नाही, खांदे खाली येतात. दोन-तीन पावलांना श्वास आत, तेवढ्याच पावलांना बाहेर, असं आपोआप जुळून जातं. मोज्याची शिवण नाहीशी होते. पहिल्या दहा मिनिटांत त्या दिवसाचा निकाल लावायचा नाही, एवढं पथ्य मी कसोशीने पाळतो. घरी परतायचंच असेल तर दहा मिनिटांनंतर परतायचं. बहुतेक वेळा परतावं लागत नाही.

गुडघ्यांचं विचारणारे लोक असतातच. "जपून हो, गुडघे जातील." आधी मी वाद घालायचो, आता हसून सोडून देतो. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्क्यांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला, बैठ्या लोकांपैकी १०.२ टक्क्यांना, आणि स्पर्धांत उतरणाऱ्या धावपटूंपैकी १३.३ टक्क्यांना. आता ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहतात, हा त्यातला एक भाग असणार. तरी हौसेने, बेताने पळणाऱ्याचे गुडघे झिजून जातात हे काही त्यातून दिसत नाही. बेताने हा शब्द सोडून चालणार नाही, एवढंच.

वजन उतरवण्याबद्दल मी फार बोलणार नाही. पळताना किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर पळाला तर साडेतीनशे. ती भरून काढायला माणसाला किती वेळ लागतो, हे ज्याचं त्याने बघावं.

जिममध्ये मी गेलो तो धावण्यासाठीच. कंडरेला जड वजन लागतं आणि पळण्यातून ते मिळत नाही, एवढा हिशोब होता. पुढे जिमचीच गोडी लागली ती गोष्ट वेगळी. शिवाय तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू तीन ते आठ टक्के घटत जातात, आणि नुसतं पळून खांदे-पाठ काही राखता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगितलाय, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्या, असंही लिहिलं आहे. हे वाक्य धावणाऱ्या मंडळींच्या नजरेतून हटकून सुटतं.

जिममधली भाषा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला परकी वाटते. किती मारले? दहाचे तीन. आज काय? लेग डे. यातलं 'दहाचे तीन' कुठून आलं हे मात्र माहीत असण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांनी अमेरिकेतली लष्करी रुग्णालयं भरलेली होती. दुबळ्या झालेल्या पायाला हलका व्यायाम पुष्कळ वेळा करायला लावायचा, अशी तेव्हाची रीत. थॉमस डीलॉर्म हा तरुण लष्करी डॉक्टर स्वतः वजनं उचलणारा होता. लहानपणच्या संधिवाताच्या तापातून उठल्यावर त्याने वजनांच्या बळावरच अंग कमावलं होतं. त्याने रुग्णांना जड वजनं द्यायला सुरुवात केली. दहा वेळा जेमतेम उचलता येईल एवढं वजन शोधायचं, आणि ते सोपं वाटू लागलं की थोडं वाढवायचं. १९४५ साली त्याने हे लिहून प्रसिद्ध केलं. पुढे पद्धत आणखी सुटसुटीत झाली : तीन सेट, दहा-दहाचे, पहिला निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आज जगभर जिममध्ये जे चालतं ते बरंचसं या जखमी सैनिकांसाठी शोधलेलं आहे.

वजनांचंही धावण्यासारखंच आहे. पहिल्या काही आठवड्यांत स्क्वॉटचं, म्हणजे खांद्यांवर बार घेऊन काढायच्या उठाबशांचं, वजन झपाट्याने वाढतं, आरशात मात्र काही फरक दिसत नाही. ही वाढ मुख्यतः मज्जातंतूंची असते. आहेत तेच स्नायू एकाच वेळी, नीट क्रमाने कामाला लावायचे कसे, हे मेंदू शिकतो. स्नायू जाड होतात ते नंतर, आणि कंडरा त्याच्याही नंतर. म्हणून नवीन आलेली पोरं दर आठवड्याला प्लेटा चढवत सुटली की मला धडकी भरते. त्यांना मी काही सांगत नाही. जिममध्ये न विचारता सल्ला देणारा काका व्हायचं नाही, हे मी फार आधी ठरवून टाकलंय.

स्क्वॉटमधली शेवटची एक-दोन उठणी हा माझा आवडता भाग आहे. बार पाठीवर, खांद्यांच्या मागच्या मांसल भागावर. हाताच्या घट्ट्यांखाली बारची खरखर. पोटात श्वास भरून, पोट आवळून खाली जायचं. खाली काही अडचण नसते. वर येताना, मांडी जमिनीला समांतर असते त्याच्या जरासं वर, एक जागा येते जिथे बार जवळजवळ थांबतो. आपण जोर तेवढाच लावत असतो, किंबहुना जास्त, पण वेग शून्याकडे जातो. एक क्षण, फार तर दीड. तिथे गुडघे आत वळायला बघतात, छाती पुढे पडायला बघते. तेवढा टप्पा ओलांडला की बार आपला आपण वर आल्यासारखा येतो आणि रॅकवर ठेवताना खण्ण आवाज होतो. त्या जागेवर फॉर्म, म्हणजे अंगाची ठेवण, टिकला तर वजन आपलं, नाहीतर पुढच्या खेपेला कमी करायचं. इतका स्वच्छ जाब मला बाकी कुठल्या कामात मिळालेला नाही.

दुसऱ्या दिवशी अंग आंबतं. ते लॅक्टिक ॲसिडमुळे, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते ॲसिड, म्हणजे रक्तातलं लॅक्टेट, तर व्यायामानंतर तास-दोन तासांत रक्तातून निघून गेलेलं असतं. अंग आंबण्याचा कळस येतो एक ते तीन दिवसांनी, आणि त्यामागे असतात स्नायूतंतूंच्या बारीक इजा आणि त्यांच्या दुरुस्तीची गडबड. जिना उतरताना चढण्यापेक्षा जास्त दुखतं हे ज्याने अनुभवलंय त्याला आणखी पुरावा लागत नाही.

धावणं आणि वजनं एकमेकांच्या मुळावर येतात का, हा प्रश्न नेहमीचा. रॉबर्ट हिक्सन हा वजनं उचलणारा माणूस होलोझीच्या प्रयोगशाळेत काम करायला आला, तिथल्या रिवाजाप्रमाणे पळूही लागला आणि आपली ताकद कमी होतेय असं त्याच्या लक्षात आलं. पुढे त्याने त्यावरच प्रयोग केला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दोन्ही व्यायाम करणाऱ्या गटाची ताकद सात-आठ आठवडे छान वाढली आणि मग अडखळून खाली आली. त्याचा दाखला देऊन कार्डिओ, म्हणजे पळण्यासारखा दमाचा व्यायाम, टाळणारे पुष्कळ भेटतात. पण त्या गटाचा आठवडा कसा होता बघा : पाच दिवस वजनं आणि सहा दिवस जोरकस पळणं-सायकल. आठवड्यात दोनदा जिम आणि तीनदा पळणं एवढीच मजल असलेल्यांनी हिक्सनच्या नावाने सुट्टी घेऊ नये.

पाऊस किंवा अंधार असला की ट्रेडमिल. मला तो आवडत नाही आणि त्याचं कुळ कळल्यावर तर अजिबातच आवडेनासा झाला. १८१८ साली विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने कैद्यांना रिकामं बसू न देण्यासाठी पायांनी फिरवायचं मोठं चक्र काढलं. त्याचं नाव ट्रेडमिल. कैदी त्यावर तासन् तास पायऱ्या चढत, आणि पोचत कुठेच नसत. ब्रिटनने १८९८ च्या कायद्याने ही शिक्षा मोडीत काढली. आपण आता वर्गणी भरून जातो.

नियमितपणाची गोष्ट निघाली की मला लंडनच्या बसगाड्या आठवतात. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसच्या चालक आणि वाहकांची तुलना केली. पगार, वस्ती, कामाच्या वेळा साधारण सारख्याच. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढून तिकिटं फाडत. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निष्कर्षात वाहकांना हृदयविकार कमी होता, आणि झाला तरी त्यातून दगावण्याचं प्रमाण चालकांच्या निम्म्याच्या आसपास होतं. त्यातल्या एकानेही व्यायाम म्हणून पायरी चढली नव्हती. कंटाळा आला तरी वरच्या मजल्यावरचा प्रवासी फुकट सोडता येत नव्हता, एवढंच. माझ्या लेखी कुठल्याही प्रेरणादायी भाषणापेक्षा ही सोय मोठी आहे. म्हणून मी पळायला जाण्याची वेळ दुसऱ्या कोणाशी तरी बांधून ठेवतो. कोपऱ्यावर एक माणूस ताटकळत असेल तर अंथरूण सुटतं.

खाडे होतातच. सवय २१ दिवसांत लागते हे ऐकीव आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी खरोखर मोजलं तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. सलग खंड पडला तर मात्र जे आधी आलेलं असतं तेच आधी जातं. प्लाझ्मा काही दिवसांत उतरतो, दम दोन-तीन आठवड्यांत जाणवण्याइतका कमी होतो, ताकद महिनाभर बऱ्यापैकी टिकून राहते.

किती जातं याचा धडकी भरवणारा दाखला अमेरिकेतल्या डॅलसचा आहे. १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणात झोपवून ठेवलं आणि मग त्यांची प्राणवायू वापरायची क्षमता मोजली. तीस वर्षांनी संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीत होते, वजनं वाढलेली होती. तरी तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केलं होतं. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेत चालणं, पळणं, सायकल असा व्यायाम दिला. वयामुळे गेलेली क्षमता परत आली. सहा महिने, हळूहळू. विशीत याच लोकांनी आठ आठवडे कडक व्यायाम करून क्षमता परत मिळवली होती. पन्नाशीत संशोधकांनी घाई केली नाही.

त्याहून पुढचं टोक १९९० सालचं. मारिया फियातारोने या डॉक्टरांनी वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या माणसांना पायांच्या वजनांचा व्यायाम दिला, आठवड्यातून तीनदा, तीन सेट, आठ-आठचे. आठ आठवड्यांत ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांच्या हातातली काठी सुटली. मग व्यायाम थांबवला, आणि चार आठवड्यांत ३२ टक्के ताकद गेली. हा दुसरा आकडा सांगायचं बरेच जण टाळतात, ऐकणाऱ्याचा हुरूप जाईल म्हणून. मला तो दिलासा देणारा वाटतो. नव्वदीतले स्नायू वजनाला जसा प्रतिसाद देत होते तसाच सुट्टीलाही देत होते. म्हातारे म्हणून त्यांचा कायदा वेगळा नव्हता.

आमच्या जिममध्ये सत्तरी ओलांडलेल्या एक आजी येतात. त्या लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर, बसल्या की नवीन ट्रेनर अदबीने पुढे होतो आणि वजनाची पिन वरच्या घरात लावतो. आजी ती काढतात, तीन घरं खाली नेऊन लावतात.

"आजी, जड होईल."

"मागच्या आठवड्यात एवढंच होतं. वहीत बघ."

तो वही बघतो. खरंच लिहिलेलं असतं.